नारा नगरांतील घरची शाळा

जपानांत जाणारा आपल्याकडील प्रवासी बहुधा टोकिओची गर्दी आणि वेगवान आगगाड्या पाहून परत येतो. फार तर क्योतोचीं देवळें आणि फुजी पर्वत यांची त्यांत भर पडते. ओसाकाहून आगगाडीनें पाऊण तासाच्या अंतरावर असलेलें नारा हें जुनें नगर पुष्कळांच्या यादींत शेवटीं येतें, किंवा येतच नाहीं. वस्तुतः आठव्या शतकांतील जपानची राजधानी ती हीच. सन ७१० मध्यें ती येथें वसली. ७८४ मध्यें राजदरबार दुसरीकडे गेला, पण देवळें, जुने वृक्ष आणि हरणांचे कळप मागें राहिले. गेल्या चैत्रांत आम्ही घरचीं पांच माणसें या नगरांत चार दिवस राहून आलों.

या प्रवासाचें मुखत्यारपण मात्र आम्हां वडील माणसांकडे नव्हतें. तें आमच्या सात वर्षांच्या नातीकडे होतें. कोठें जावयाचें, काय पाहावयाचें, हें तिनें बऱ्याच आधीं ठरविलें होतें. कारण हा प्रवास म्हणजे तिच्या वर्षभराच्या शाळेचा शेवटचा पाठ होता, आणि ती शाळा आमच्या घरांतच भरत होती.

येथें थोडा खुलासा केला पाहिजे. आमचें कुटुंब एकत्र आहे. घरांतील इतर मुलें नेहमींच्या शाळेंत जातात. या मुलीस सहावें वर्ष लागलें तेव्हां तिच्या आईबापांनीं तिला घरींच शिकविण्याचा मनोदय सांगितला. घरांत वाद झाला नाहीं असें नाहीं. तिच्या आजीचें म्हणणें असें कीं, चार मुलांत मिसळल्यावांचून मूल शहाणें होत नाहीं. थोरल्या चिरंजीवांनीं कायद्याची व परीक्षेची शंका काढली; आणि ती रास्त होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी सरकारवर आणि पालकांवरही टाकली आहे. मात्र राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेनें याच वयाच्या मुलांसाठीं तिसरी, पांचवी व आठवी या इयत्तांच्या तोडीचे अभ्यासक्रम ठेवले आहेत, आणि चौदा वर्षें पुरीं झालीं म्हणजे तिच्या माध्यमिक परीक्षेस बसतां येतें. हें समजल्यावर असें ठरलें कीं, एक वर्ष करून पाहावें, आणि वर्षाअखेर सर्वांनीं मिळून निकाल द्यावा. तेव्हां नाराचा प्रवास हा मुलीच्या दृष्टीनें आनंदाचा असला, तरी तिच्या आईच्या दृष्टीनें तो परीक्षेचा होता.

मुलाच्या आवडीच्या मागून शिक्षकानें जावें, हा विचार आपल्याकडे अगदीं नवा नाहीं. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला, तो याच श्रद्धेवर. परंतु आवडीच्या मागून जावें म्हटलें तरी आवड कोठून उगवेल हें आधीं सांगतां येत नाहीं. आमच्या घरीं ती मिठाईच्या एका डब्यावर उगवली. धाकट्या काकांनीं जपानहून आणलेल्या त्या डब्यावरील अक्षरें पाहून मुलीनें विचारलें, "आई, हें काय लिहिलंय?" आमच्या सूनबाई म्हणाल्या, "मला नाहीं येत वाचतां. आपण दोघी मिळून शोधूं या." त्या वर्षांतला पहिला पाठ तो हा.

जपानी लिपींत चिनी चित्राक्षरांच्या जोडीला 'काना' नांवाची उच्चारदर्शक अक्षरें आहेत. त्यांचा तक्ता मायलेकींनीं मिळविला आणि एकेका अक्षराखालीं त्याचा उच्चार देवनागरींत लिहिला. स्वर निघाले पांच : अ, इ, उ, ए, ओ. मग ओळी निघाल्या : क, स, त, न, ह, म, य, र, व. पाटीवर हें उतरतांच मुलगी थबकली. बाराखडी तिनें नुकतीच संपविली होती. दीर्घ स्वर वगळले तर हे तेच स्वर आणि त्याच क्रमानें! या साम्यास कारण आहे. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत मंत्रांची 'सिद्धम्' लिपि चीनमार्गें जपानांत गेली. तेथील भिक्षूंनीं तिचा अभ्यास केला, आणि आपल्या भाषेचे ध्वनि मांडतांना आपल्या वर्णमालेचाच क्रम पुढें ठेवला. आजही जपानी शब्दकोश याच क्रमानें रचले जातात.

परंतु मुलीचें समाधान एवढ्यानें झालें नाहीं. "आजोबा, ह मध्येंच कसा आला? तो शेवटीं असतो ना?" असें तिनें आम्हांस विचारलें. प्रश्न बिनतोड होता. त्याचें उत्तर शोधण्यास घरांतल्या तीन मोठ्या माणसांना आठ दिवस लागले. भाषाशास्त्रज्ञ सांगतात कीं, आज जपानींत जो 'ह' आहे त्याचा फार प्राचीन काळीं 'प' असा उच्चार होता. तो 'प' मानला कीं ओळ सरळ होते : त, न, प, म. तसेंच, आपल्या 'च'च्या जागीं तेथें 'स' बसला आहे. त्याचाही जुना उच्चार 'च'सारखा असावा असें मानतात. बाराशें वर्षांत माणसांचे उच्चार पालटले, पण तक्त्यांतील जागा पालटल्या नाहींत. सात वर्षांच्या मुलीनें वर्णांचीं स्थानें, म्हणजे कंठ, तालु, दंत, ओष्ठ हीं जीभ आणि ओठ हलवून स्वतः तपासून पाहिलीं. आणि व्याकरणाचें पुस्तक मात्र कोणी तिच्या हातीं दिलें नव्हतें.

भारतांतून ही विद्या कोणी नेली, असा पुढचा प्रश्न आपोआपच निघाला, आणि त्यानें आम्हांस नारा येथील तोदाइजी मंदिराच्या दारीं आणून सोडलें. तेथें वैरोचन बुद्धाची कांशाची प्रचंड मूर्ति आहे. जपानी लोक तिला 'दाइबुत्सु' म्हणजे महाबुद्ध म्हणतात. तिची उंची सुमारें १५ मीटर, कान सुमारें अडीच मीटर आणि डोळा सुमारें एक मीटर. मुलीनें व तिच्या चुलतभावंडांनीं आमच्या गच्चीवर खडूनें तो कान व तो डोळा मापानें काढला. त्या कानांत तिन्ही मुलें ओळीनें निजूं शकलीं. मीटर, सेंटिमीटर आणि प्रमाण यांचा पाठ असा झाला.

"एवढी मोठी मूर्ति कशाला केली?" या प्रश्नानें इतिहासाचें दार उघडलें. ७३५ ते ७३७ या वर्षांत देवीच्या साथीनें जपानांत फार मोठा संहार केला. दुष्काळ आणि बंडें यांनींही राज्य हवालदिल झालें होतें. अशा वेळीं शोमु या सम्राटानें ७४३ मध्यें ही मूर्ति घडविण्याची आज्ञा काढली. त्या आज्ञेचा एक भाग आमच्या घरांत सर्वांनाच भावला. कोणी गवताची एक काडी किंवा मूठभर माती घेऊन मदतीस येईल, तर त्याचीही मदत घ्यावी, अशा आशयाचें तींत म्हटलें आहे. हें ऐकून आजीनें सेतु बांधतांना वाळू आणणाऱ्या खारीची गोष्ट सांगितली. मूर्ति खालून वर अशी आठ टप्प्यांनीं, तीन वर्षांत ओतली गेली, आणि ७५२ सालीं तिचें नेत्रोन्मीलन झालें. तें करणारा आचार्य होता बोधिसेन. हा ७३६ सालीं चीनमार्गें जपानांत आलेला दक्षिण भारतीय भिक्षु. जपानी लोक त्याला आजही 'ब्राह्मण आचार्य' अशाच अर्थाच्या नांवानें ओळखतात.

एवढी शिदोरी बांधून आम्ही नाराच्या स्थानकावर उतरलों. स्थानकापासून तोदाइजीपर्यंत वीस मिनिटांची चाल आहे. वाट उपवनांतून जाते, आणि हरणें अगदीं अंगाशीं येतात. त्यांच्यासाठीं कोंड्याचीं पातळ बिस्किटें विकत मिळतात. बिस्किट वर धरलें कीं हरीण मान लववून जणूं नमस्कार करतें. आमच्या नातीनें प्रत्येक हरणास उलट नमस्कार केला. त्यामुळें पहिलें पाव मैल चालण्यास आम्हांस तासभर लागला.

मंदिराच्या दक्षिणेस 'नान्दाइमोन' हें भव्य लांकडी महाद्वार आहे. त्याच्या दोन्ही बाजूंस साडेआठ मीटरांच्या जवळपास उंचीचे दोन द्वारपाल उभे आहेत. उन्केइ, काइकेइ आणि त्यांचे साहाय्यक शिल्पी यांनीं १२०३ सालीं अवघ्या ६९ दिवसांत ते लांकडांतून घडविले. स्नायू ताणलेले, डोळे वटारलेले, वस्त्रें वाऱ्यानें फडफडत असलेलीं, असें त्यांचें रूप आहे. मोठीं माणसें तें रूप पाहत राहिलीं. मुलगी मात्र त्यांच्या तोंडांकडे पाहत होती. एकाचें तोंड उघडें आहे, दुसऱ्याचें मिटलेलें. "हा अ म्हणतोय, आणि हा हूं!" ती ओरडली. तें तिला आधींच ठाऊक होतें. उघड्या तोंडाचा वर्णमालेचें पहिलें अक्षर 'अ' उच्चारतो, मिटल्या तोंडाचा शेवटचें 'हूं'. जपानी लोक या जोडीस 'अ-उन्' म्हणतात, आणि दोन माणसांचें न बोलतां जमणारें सूत सांगावयासही हाच शब्द वापरतात. आरंभ आणि शेवट, यांच्यामधून आपण आंत जावयाचें. ती पोर कितीतरी वेळ या खांबापासून त्या खांबापर्यंत तोंड उघडीत व मिटीत धांवत होती. शेजारीं एक जपानी शाळकरी मुलांची रांग होती. त्यांतलीं दोन-तीन मुलें तिच्यामागें तसेंच करूं लागलीं. भाषेवांचून त्यांची ओळख झाली.

मुख्य मंदिराची आजची इमारत १७०९ सालीं पुरी झालेली आहे. ११८० व १५६७ या सालीं युद्धांत मंदिर जळालें. आजचें मंदिर मूळच्यापेक्षां रुंदीनें पुष्कळ कमी, तरीही ५७ मीटर रुंद आहे. महाबुद्धासमोर उभें राहिल्यावर मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिनें आईला विचारलें, "बोधिसेनांनीं काढलेले डोळे हेच का?" उत्तर देणें कठीण होतें, पण खोटें सांगावयाचें नाहीं असा घरच्या शाळेचा नियम. मूर्तीचें आजचें मस्तक सतराव्या शतकाच्या अखेरीचें आहे. भूकंपानें आणि आगींनीं जुनें मस्तक गेलें. बोधिसेनानें रेखिलेले ते डोळे आज नाहींत. आसनाच्या कांहीं कमलपाकळ्या तेवढ्या मूळच्या आहेत. मुलीचा चेहरा उतरला. तेव्हां आईनें तिला पुढची गोष्ट सांगितली. नेत्रोन्मीलनाच्या दिवशीं बोधिसेनाच्या कुंचल्यास एक लांब निळी दोरी बांधली होती, आणि जमलेल्या लोकांनीं ती हातीं धरली होती, म्हणजे डोळे रेखण्याच्या पुण्यांत सर्वांचा हात लागावा. तो कुंचला आणि ती दोरी तोदाइजीच्या मागील शोसोइन या भांडारांत बाराशें सत्तरांहून अधिक वर्षें जपून ठेविलेलीं आहेत. पुढें आगीनंतर मूर्ति दुरुस्त झाली तेव्हां ११८५ सालीं गो-शिराकावा या निवृत्त सम्राटानें त्याच कुंचल्यानें पुन्हां डोळे रेखिले. या भांडारांतील निवडक वस्तु दर शरद् ऋतूंत नारा येथील राष्ट्रीय संग्रहालयांत मांडतात. आम्ही वसंतांत गेलों असल्यामुळें आम्हांस दर्शन घडलें नाहीं. आम्ही शोसोइनच्या लांकडी भिंती दुरून पाहिल्या. "डोळे गेले, पण दोरी राहिली," असें त्या रात्रीं मुलीनें आपल्या वहींत लिहिलें.

या वहीविषयीं सांगितलेंच पाहिजे. कारण आमच्या मतें या शाळेचें खरें मर्म तींत आहे. वहीच्या प्रत्येक पानावर मुलीच्या आईनें दोन रकाने आंखून दिले होते : 'आपल्यासारखें' आणि 'त्यांचें'. वर्षाच्या आरंभीं पहिला रकाना भराभर वाढला. सरस्वती तेथें 'बेन्झाइतेन' होऊन वीणेसारखें वाद्य वाजविते; ब्रह्मा 'बोन्तेन' आणि इंद्र 'ताइशाकुतेन' झाला आहे. आपल्यासारख्या घरांतून हें ऐकलें कीं मन सुखावतें, आणि सगळें आपल्याकडूनच गेलें असें म्हणण्याचा मोह होतो. पण मुलाच्या शिक्षणांत हा मोह घातक आहे. परक्या घरीं जाऊन केवळ आपल्या घरची भांडीं मोजीत बसणाऱ्यास तें घर दिसत नाहीं.

नाराच्या हरणांनीं हा पाठ दिला. सारनाथच्या मृगवनांत बुद्धानें पहिला उपदेश केला, हें मुलीस माहीत होतें. तेव्हां बुद्धाच्या मंदिराजवळचीं हरणें हीं सारनाथचीच आठवण, असें तिनें पहिल्याच दिवशीं लिहून टाकलें. आईनें एवढेंच म्हटलें, "हे लोक काय म्हणतात तें आधीं विचारूं या." दुसऱ्या दिवशीं ताडपत्री... नव्हे, शेंकडों दगडी दीपस्तंभांच्या वाटेनें आम्ही कासुगा देवस्थानांत गेलों. तेथील कथा अशी कीं, या स्थानींचा देव पूर्वेकडील काशिमाहून पांढऱ्या हरणावर बसून आला, म्हणून येथील हरणें देवाचीं. हा देव जपानच्या स्वतःच्या शिंतो धर्मांतला. त्याचा सारनाथशीं संबंध नाहीं. मुलीनें पहिल्या रकान्यांतील हरणें खोडलीं आणि दुसऱ्यांत लिहिलीं. खोडतांना ती हिरमुसली नाहीं. उलट तिला नवी गोष्ट मिळाली होती.

नाराहून परत येतांना ओसाकाच्या दक्षिणेस कोया पर्वतावर आम्ही दोन रात्री राहिलों. सुमारें आठशें मीटर उंचीवरील हें मठांचें गांव कूकाइ या आचार्यानें ८१६ सालीं मिळालेल्या जागेवर वसविलें. मठांतच उतरण्याची सोय असते, आणि तेथील सात्त्विक जेवणांत मांसमच्छी तर नसतेच, पण कांदा-लसूणही नसतो. त्यामुळें आजीची मोठी चिंता मिटली. उंच देवदारांच्या छायेंत दोन किलोमीटर लांबीची स्मशानवाट आहे, आणि दोन्ही बाजूंस दोन लाखांवर समाध्या आहेत. पुष्कळ समाध्या पांच आकारांच्या दगडांची उतरंड अशा असतात : चौकोन, गोल, त्रिकोण, अर्धचंद्र आणि वर रत्नाचा आकार. हीं पंचमहाभूतें. त्यांवर सिद्धम् लिपींत, खालून वर, अ, व, र, ह, ख हीं अक्षरें कोरलेलीं असतात. आजीनें सांगितलें कीं, आपल्या भूतशुद्धींत लं, वं, रं, यं, हं असा क्रम आहे. मुलीनें दोन्ही ओळी एकाखालीं एक लिहिल्या. जल आणि अग्नि यांचीं अक्षरें जुळलीं. पृथ्वी, वायु आणि आकाश यांचीं जुळलीं नाहींत. आतां हें कोणत्या रकान्यांत घालावें? थोडा वेळ पेन्सिल चावून तिनें तिसरा रकाना आंखला आणि त्यास नांव दिलें : 'सारखें, पण निराळें'.

त्या रात्रीं मठाच्या खोलींत निकाल झाला. आजीनें ती वही चाळली आणि म्हटलें, "सूनबाई, पुढचंही वर्ष असंच जाऊं दे. पण दोन गोष्टी माझ्या ऐक." त्या गोष्टी अशा : आठवड्यांतून निदान तीन दिवस मुलीनें खेळास व गाण्याच्या वर्गास भावंडांबरोबर जावें, आणि पाढे रोज सकाळीं म्हणावेच. आमच्या मतें दोन्ही अटी योग्य आहेत. आवडीच्या वाटेनें भूगोल आला, इतिहास आला, उच्चारशास्त्रही आलें. पण सत्ताविसांचा पाढा त्या वाटेनें कांहीं आला नाहीं. कांहीं गोष्टी रोजच्या घोकण्यानेंच येतात, आणि मुलाच्या जिज्ञासेवर सगळा भार टाकणें हा मुलावरच अन्याय आहे. शिवाय हें शिक्षण स्वस्त नाहीं. पैशानें नव्हे, तर माणसांच्या वेळानें. आई, आजी, काका आणि आम्ही, असे चार जण होतों म्हणून तें निभलें. एकट्यादुकट्या आईवर हा भार पडला तर ती थकून जाईल. एकत्र कुटुंबाचा असा उपयोग आजही होऊं शकतो, हें आम्हांस या वर्षीं दिसलें.

सर्वांनींच मुलांना शाळेंतून काढावें, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. किंवा जपानला गेल्यावांचून हा अभ्यास होत नाहीं, असेंही नाहीं. वर्षांतले अकरा महिने आमची मुलगी घरींच होती, आणि वहींतलीं बहुतेक पानें घरींच भरलीं. मूल शाळेंत जात असलें तरी सुट्टीच्या दिवशीं एखादा परका देश, एखादी परकी लिपि, एखादें परकें अन्न त्याच्या आवडीप्रमाणें निवडावें, आणि घरांतल्या मोठ्यांनीं त्याच्याबरोबर शिकावयास बसावें. दुसऱ्या देशाकडे पाहून आपलें घर सुधारण्याची रीत महाराष्ट्रास परकी नाहीं. जपानांतील महिला विद्यापीठाची माहिती वाचूनच धोंडो केशव कर्वे यांनीं १९१६ सालीं आपल्याकडे स्त्रियांचें विद्यापीठ उभारलें. त्यांनीं तेथील विद्यापीठ उचलून आणलें नाहीं. येथील भाषा, येथील मुली आणि येथील अडचणी पाहून निराळें घडविलें. मुलीच्या वहींत तें घालावयाचें झालें, तर तिसऱ्याच रकान्यांत घालावें लागेल.